पेट्रोल गेलं कुठं, एवढं आधी सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत इंधनाने खराब झालेली जमीन आणि भूजल साफ करायच्या पद्धतींवर लेख आला होता, तो मी दोनदा वाचला. विषय छापलात त्याबद्दल मनापासून आभार, कारण जमिनीखालचं काही डोळ्यांना दिसत नाही आणि दिसत नाही त्यावर सहसा कोणी लिहीत नाही. पण लेखाच्या शेवटी तो तक्ता होता ना, पद्धतीचं नाव, लागणारा वेळ, खर्च जास्त की कमी आणि शेवटच्या रकान्यात पाचपैकी किती तारे, तो बघून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितेय. लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते, जेवढं छापता येईल तेवढं छापा.

मी गेली २२ वर्षं गळक्या टाक्यांच्या आजूबाजूला मारलेल्या टेस्ट बोअरमधून पाण्याचे नमुने घेणं, पातळी मोजणं आणि त्याचे रिपोर्ट लिहिणं हेच काम करतेय. कुठलं मशीन किंवा औषध विकत नाही, त्यामुळे अमुक एक पद्धत चांगली ठरावी असा माझा काही फायदा नाही. या कामातून एकच प्रश्न माझ्या डोक्यात पक्का बसलाय आणि कुठलाही क्लीनअपचा रिपोर्ट हातात आला की मी तोच विचारते, की बाबांनो पेट्रोल गेलं कुठं? वर ओढून काढलंत, जिवाणूंनी खाल्लं, वाफ होऊन हवेत गेलं, शेजारच्याच्या जमिनीखाली सरकलं, का नुसतं वाढलेल्या पाण्याखाली दबून बसलंय? याचं उत्तर आकड्यात मिळत नसेल तर त्या पद्धतीला तारे कशाच्या जोरावर द्यायचे?

आधी ते जमिनीत बसतं कसं ते थोडं सांगते. टाकीतून पेट्रोल गळलं की ते खाली जातं आणि जाताना मातीच्या बारीक बारीक पोकळ्यांत थोडं थोडं अडकून राहतं, स्पंज कितीही पिळला तरी ओला राहतो ना तसं. उरलेलं पाण्याच्या पातळीवर जाऊन तरंगतं कारण ते पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ७४० ग्रॅम. पण भूजलाची पातळी काही एका जागी थांबत नाही, पावसाने वर येते, कोरड्या दिवसांत खाली जाते, आणि तिच्यासोबत हे पेट्रोलही वरखाली होत मातीच्या जाड थराला फासलं जातं. या फासलेल्या थरातून बेन्झीन, टोल्युइन, झायलीन असले पदार्थ पाण्यात विरघळत राहतात, वर्षानुवर्षं. बेन्झीन माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेलं आहे, त्यात आता वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. एका लिटर पेट्रोलात १ टक्का बेन्झीन धरलं तर ते ७.४ ग्रॅम होतं, म्हणजे तेवढं बेन्झीन ७ लाख ४० हजार लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत न्यायला पुरतं. एका लिटरमधलं. म्हणून "९० टक्के काढलं" असं कोणी म्हणालं की मला आनंद होतो खरा, पण लगेच उरलेले १० टक्के कुठल्या थरात आहेत ते विचारावंसं वाटतं.

एक अनुभव सांगते, जागेचं आणि कंपनीचं नाव घेत नाही. सुरुवातीची वर्षं होती माझी. एका ठिकाणी वर्षभर पंप चालवून काम संपलं असं जाहीर झालं, सगळ्या बोअरमध्ये पेट्रोलचा तवंग शून्य, लॅबचा रिपोर्ट स्वच्छ, फाइल बंद. नमुने घेतले होते भर पावसाळ्यानंतर, पाणी चांगलं दोन अडीच मीटर वर आलेलं असताना. मी स्वतः घेतले होते ते नमुने आणि मलाही तेव्हा वाटलं की झालं काम. पुढच्या कोरड्या दिवसांत दुसऱ्याच काही कामासाठी तिथे गेले आणि सहज एका बोअरमध्ये मोजपट्टी सोडली तर वीतभर पेट्रोल तरंगत होतं. पाणी वर आलं तेव्हा ते मातीच्या पोकळ्यांत पाण्याखाली अडकलं होतं, पाणी उतरलं तसं सुटून परत बोअरमध्ये आलं. कोणी खोटं केलं नव्हतं, आकडेही खरेच होते, फक्त चुकीच्या वेळी घेतलेले. त्या जागेच्या उताराला एका घराची विहीर होती आणि त्या घरातल्या बाईंना "आता वापरा पाणी" असं सांगितलं गेलं होतं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

उलटाही घोळ होतो. बोअरमध्ये वीतभर तवंग दिसला म्हणजे बाहेर मातीतही वीतभर पेट्रोलचा तलाव आहे असं नसतं, बारीक मातीत बोअरमधली जाडी बरीच फुगवून दिसते कारण बोअर म्हणजे मोकळी पोकळी आणि माती म्हणजे पाण्याने भरलेली बारीक छिद्रं. त्यामुळे नुसत्या जाडीवर हिशोब मांडून "इतके हजार लिटर होतं, इतके काढलं" म्हणणं फार कच्चं काम आहे. तवंग उपसून घेतल्यावर बोअरमध्ये तो परत किती वेगाने भरतोय ते बघावं लागतं, त्यावरून कळतं की उपसण्यासारखं काही उरलंय का, का आता फक्त मातीला चिकटलेलं आहे जे पंपाने कधीच येणार नाही.

आता तुमच्या तक्त्यातल्या पद्धतींकडे येते. पाणी उपसून, फिल्टर करून सोडायची पद्धत, तिला चार तारे दिलेत. पाण्याला पुढे पसरू न देण्यासाठी ही पद्धत चांगलीच आहे, एखादी पिण्याची विहीर वाचवायची असेल तर मी सुद्धा आधी हेच करा म्हणेन. पण मूळ जागा साफ करायला? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९९४ मध्ये अशा उपसा करणाऱ्या ७७ साइट तपासल्या, सगळ्या काही इंधनाच्या नव्हत्या, तर ठरवलेलं उद्दिष्ट गाठलेल्या फक्त ८ निघाल्या. कारण साधं आहे, पंप पाण्यात विरघळलेलं काढतो आणि मातीला फासलेलं पेट्रोल हळूहळू परत विरघळत राहतं, मग पंप चालू असेपर्यंत आकडे छान आणि बंद केला की सहा महिन्यांत पहिल्यासारखे. शिवाय फिल्टरमधला कार्बन भरला की तो कुठे जातो हेही विचारायला हवं, नाहीतर पेट्रोल जमिनीतून निघून कोळशात बसलं एवढंच झालं.

पाण्यातून जिवाणूंना ऑक्सिजन द्यायचा, म्हणजे ते पेट्रोल खातील, अशीही एक पद्धत लेखात होती. जिवाणू खातात, शंभर टक्के खातात, पण हिशोब करून बघा. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण खायला साधारण साडेतीन ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे एका लिटरला २.६ किलो. हवा खेळती असलेल्या पाण्यात लिटरला ८ ते १० मिलिग्रॅमच ऑक्सिजन मावतो, त्यामुळे एका लिटर पेट्रोलसाठी तीन लाख लिटरच्या आसपास पाणी जमिनीतून फिरवावं लागेल. तोच ऑक्सिजन हवेतून द्यायचा तर साधी हवा १० घनमीटरसुद्धा लागत नाही कारण हवेच्या एका लिटरमध्येच २८० मिलिग्रॅमच्या आसपास असतो. हा एक हिशोब ज्याच्या लक्षात आला त्याला पाण्याच्या पातळीच्या वरच्या मातीसाठी ब्लोअर लावून सावकाश हवा सोडणं, ज्याला बायोव्हेंटिंग म्हणतात, ते इतकं परवडणारं का आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. तुमच्या तक्त्यात त्याला दोनच तारे आहेत, हे मला खरंच खटकलं.

याची गोष्टही छान आहे. अमेरिकेत युटामधल्या हिल हवाई तळावर १९८५ मध्ये विमानाचं इंधन सांडलं, एक लाख लिटरच्या आसपास. तिथे जमिनीतली वाफ व्हॅक्यूमने ओढून काढायचं काम सुरू केलं तर निघणाऱ्या हवेत कार्बन डायऑक्साइड भरपूर, म्हणजे आत जाणाऱ्या हवेमुळे मातीतले जिवाणू जागे होऊन जागच्या जागी इंधन संपवत होते. मग त्यांनी हवेचा वेग मुद्दाम कमी केला, म्हणजे वाफ कमी निघेल आणि जिवाणूंना खायला वेळ मिळेल, आणि जिवाणूंचा वाटा बराच वाढला. पुढे अमेरिकन हवाई दलाने शंभरावर साइटवर हे करून पाहिलं. आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे याची परीक्षा घेता येते. ब्लोअर बंद करायचा आणि मातीतल्या हवेचा ऑक्सिजन दर काही तासांनी मोजत बसायचं. २० टक्क्यांवरून भराभर खाली आला तर जिवाणू खातायत, जवळच्या स्वच्छ मातीसारखाच जागचा हलेना तर एकतर खायला काही उरलं नाही किंवा माती फार कोरडी आहे. पेट्रोल गेलं कुठं याचं उत्तर इथे थेट मिळतं, अंदाजपंचे नाही.

नुसतं वाफ ओढणं पेट्रोलला चालतं, डिझेलला फारसं नाही, कारण डिझेल उडत नाही. वाळूत चालतं, चिकणमातीत हवा शिरतच नाही. पहिल्या महिन्यात मशीन भसाभस वाफ काढतं, सगळे खूश, मग आकडा घसरत घसरत आडवा होतो आणि तिथेच रेंगाळतो, आणि हा आडवा आकडा दाखवून काम पूर्ण म्हणतात. मशीन बंद करून काही महिने थांबा आणि परत मोजा, उसळी मारली तर आत अजून आहे. पाण्याखाली हवेचे बुडबुडे सोडायची पद्धतही आहे, एकसारख्या वाळूत ती चांगलं काम करते पण मध्ये चिकणमातीचा एखादा पट्टा आला की हवा त्याच्या कडेने वाट काढून भलतीकडेच निघते. ही बुडबुड्यांची पद्धत वरून वाफ ओढायची सोय केल्याशिवाय घरांच्या जवळ कोणी करू नये हे मी हात जोडून सांगते, कारण ती वाफ तळघरात, गटारात, कुठेही शिरते आणि पेट्रोलची वाफ ठिणगीची वाट बघत असते. तुमच्या लेखात या धोक्यावर एक ओळसुद्धा नव्हती.

खोदून माती उचलून नेणं यावर लेखकाने टीका केलीय की हा नुसता जागाबदल आहे. अर्धं बरोबर आहे. पण टाकी बदलताना खड्डा उघडाच असतो, तेव्हा खाली तीनचार मीटरपर्यंतची भिजलेली माती काढून घेतली तर तो साठा कायमचा गेला, पाण्याला पोचायच्या आत. फक्त ती माती पुढे कुठे गेली, ढीग लावून हवा देऊन कुजवली, भट्टीत तापवली का कुठेतरी खड्ड्यात ओतली, त्याची पावती बघितली पाहिजे.

जमिनीत रसायनं सोडून पेट्रोल जाळायच्या पद्धतींबद्दल थोडक्यात सांगते. हायड्रोजन पेरॉक्साइड, पर्सल्फेट हे बेन्झीनवर चालतात, पोटॅशियम परमँगनेट बेन्झीनवर फारसं चालत नाही, तरी ते सुचवलेलं मी पाहिलंय. आणि मातीतला स्वतःचा सेंद्रिय भाग आणि खनिजं आधी ते रसायन खाऊन टाकतात, पेट्रोलपर्यंत किती पोचणार हे त्या मातीवर लॅबमध्ये करून बघितल्याशिवाय कळत नाही. बाटलीतले खास जिवाणू विकणाऱ्यांना मी एवढंच विचारते की मातीत पेट्रोल खाणारे जिवाणू आधीच आहेत, त्यांना कमी आहे तो ऑक्सिजन, कधी नायट्रोजन फॉस्फरस, मग तुमचे पाहुणे उपाशी राहणार नाहीत कशावरून? शेजारी तेवढीच माती जिवाणू न घालता ठेवा, दोन्हीचे आकडे दाखवा, मी मानेन.

आता सगळ्यात वादाची पद्धत, काहीच न करता निसर्गावर सोडणं, जिला लेखकाने शून्य तारे देऊन "जबाबदारी झटकणं" म्हटलंय. मला त्यांचा राग समजतो, कारण या नावाखाली खरंच जबाबदारी झटकतात लोक. पण कॅलिफोर्नियातल्या शेकडो गळक्या टाक्यांचा अभ्यास लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने १९९५ मध्ये मांडला त्यात बेन्झीनचा पाण्यातला पट्टा बहुतेक ठिकाणी ७५ ते ८० मीटरच्या आतच थांबलेला दिसला, कारण कडेला ऑक्सिजन असलेल्या पाण्यात जिवाणू तो संपवतात. ऑक्सिजन संपला तरी नायट्रेट, लोह, सल्फेट वापरून सावकाश खाणं चालू राहतं. म्हणजे निसर्ग काम करतो, पण ते मोजून दाखवलं तरच त्याला पद्धत म्हणायचं, पाण्यात सल्फेट कमी होतंय का, विरघळलेलं लोह वाढतंय का, मिथेन दिसतोय का, पट्ट्याचं टोक आक्रसतंय का, आणि हे दरवर्षी त्याच बोअरमध्ये, त्याच ऋतूत.

आणि वेळ किती लागतो तेही लोकांना खरं सांगायला हवं. मिनेसोटात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ ला कच्च्या तेलाची पाइपलाइन फुटली, १७ लाख लिटर तेल सांडलं, बरंच काढून घेतलं तरी ४ लाख लिटर जमिनीतच राहिलं आणि अमेरिकेचा भूगर्भ सर्व्हे १९८३ पासून तिथे मोजमाप करतोय. चाळीस वर्षं उलटून गेली तरी तेल पाण्याच्या पातळीवर आहे. जिवाणू खातायत, पट्टा फार पळत नाही, सगळं खरं, पण तिथेच हेही दिसलं की जिवाणू मातीतलं लोह वापरतात तेव्हा त्याला चिकटलेलं नैसर्गिक आर्सेनिक सुटून पाण्यात येतं, पिण्याच्या मर्यादेच्या वर. बेन्झीनचा आकडा बघून खूश झालेल्या माणसाला हे कळणारच नाही, त्याने आर्सेनिकची टेस्टच लावलेली नसते.

शिवाय हा हिशोब बेन्झीनचा झाला. पेट्रोलात एमटीबीई नावाचं रसायन मिसळायचे, ते बेन्झीनच्या वीसपंचवीस पट जास्त विरघळतं, मातीला चिकटत नाही आणि सहज कुजतही नाही. कॅलिफोर्नियातल्या सँटा मोनिका शहराला १९९६ मध्ये त्यापायी विहिरी बंद कराव्या लागल्या, निम्म्याच्या आसपास पाणीपुरवठा गेला. तिथे निसर्गावर सोडा म्हणणं चुकीचंच झालं असतं. आता इथेनॉल मिसळतात, ते जिवाणूंना इतकं आवडतं की ते आधी त्याच्यावर तुटून पडतात, ऑक्सिजन संपवतात आणि बेन्झीन मागे राहून पट्टा लांबू शकतो. म्हणजे इंधन कुठलं, कुठल्या वर्षातलं, त्यात काय मिसळलेलं, हे माहीत नसताना जुन्या अभ्यासावर बोट ठेवून निर्णय घेणं धोक्याचं आहे.

आणि पाणी कोणी पितंय का हे तर सगळ्यात आधी. हवाईमधल्या रेड हिलला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या २० महाकाय भूमिगत टाक्या होत्या, पिण्याच्या भूजलाच्या जेमतेम १०० फूट वर. नोव्हेंबर २०२१ मध्ये विमानाचं इंधन नौदलाच्या पाण्याच्या विहिरीत गेलं, सुमारे ९३ हजार लोक त्या पाण्यावर होते, घरात नळ सोडला की इंधनाचा वास. अशा जागी पहिल्या दिवशी पद्धतींची तुलना करत बसायचं नसतं, विहीर बंद करायची, लोकांना दुसरं पाणी द्यायचं, गळती थांबवायची, मग तक्ता काढायचा. तुमच्या तक्त्यात "पाणी कोण पितंय" असा रकानाच नाही.

म्हणून माझी विनंती अशी आहे की हा लेख पुढे कधी पुस्तिकेत किंवा वेबसाइटवर परत छापणार असाल तर तो ताऱ्यांचा रकाना काढून टाका. त्या जागी इंधन कुठलं, माती कुठली, सुरुवातीला जमिनीत किती होतं आणि ते कसं मोजलं, त्यातलं किती कुठल्या वाटेने गेलं, आणि मशीन बंद केल्यावर एक पूर्ण वर्ष, पाणी सगळ्यात वर असताना आणि सगळ्यात खाली असताना, परत मोजलं तेव्हा काय निघालं, एवढं द्या. वाचकांना जड जाईल असं मला वाटत नाही, ज्यांच्या विहिरीला वास येतो ते लोक लॅबचा रिपोर्ट रात्र रात्र जागून वाचतात, मी बघितलंय. लेखकांना हवं असेल तर माझ्याकडे वर्षावर्षांचे पातळीचे आणि तवंगाचे तक्ते आहेत, जागांची नावं काढून ते द्यायची माझी तयारी आहे. त्या वीतभर पेट्रोलच्या बोअरचाही त्यात आहे, पावसाळ्यानंतरचा आणि उन्हाळ्यातला, दोन्ही आकडे शेजारी शेजारी.

आपली,
एक नियमित वाचक